धन, ऋण आणि व्याजाची उदाहरणे



ज्यास अक्षर येते त्याच्या ओसरीवर गावची माणसे कागद घेऊन येतात, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. कोणी ठेवीची पावती आणितो, कोणी कर्जाचा रोखा आणितो, तर कोणी छापील जाहिरात पुढे करून विचारितो, "गुरुजी, ह्यात खरे किती मिळेल?" अशा वेळी नुसते अक्षर वाचून दाखविणे पुरेसे होत नाही; आकडाही वाचता आला पाहिजे. त्रैराशिक पुष्कळांस येते, सरळव्याजही येते. परंतु रक्कम दोन ठिकाणी विभागलेली असली, एकंदर व्याज तेवढे सांगितले, आणि "कोठे किती ठेविले?" असे विचारिले, की हात थांबतो. शाळेत अशी उदाहरणे बीजगणितात घालितात. मुले रीत पाठ करितात, परीक्षा देतात आणि विसरून जातात. आजच्या धड्यात ती रीत आपण मुळापासून पाहू. तीतून एक अशी गोष्ट निघते की जी पावतीवर कधीच लिहिलेली नसते, तीही पाहू.

१. ठाऊक नसलेल्या संख्येस नाव देणे

बीजगणिताचे मर्म एवढेच की, जी संख्या आपणास ठाऊक नाही तिला एक नाव द्यावे, आणि ती ठाऊक असल्याप्रमाणे तिच्याशी व्यवहार करावा. आपल्या देशातील प्राचीन गणित्यांनी अशा संख्येस अव्यक्त राशी म्हटले आहे. ते तिला 'यावत्तावत्', म्हणजे 'जितकी असेल तितकी', असे नाव देत आणि लिहिताना 'या' एवढेच आद्याक्षर लिहीत. आपल्या शाळांतून तिला 'क्ष' म्हणतात. आपणही तसेच म्हणू.

व्याजाच्या कोणत्याही उदाहरणात पुढील पाच गोष्टी क्रमाने कराव्या.

पहिली : काय विचारिले आहे ते पाहून त्यास क्ष मानावे.
दुसरी : उरलेला भाग क्षच्या योगे लिहावा.
तिसरी : दर व मुदत एकाच मापात आणावी. दर वर्षाचा असेल तर मुदतही वर्षांत धरावी. दर महिन्याचा असेल तर महिन्यांत धरावी.
चौथी : व्याजाची बरोबरी व्याजाशीच करावी. मुद्दल आणि व्याज एका बाजूस मिसळू नये. बहुतेक चुका येथेच होतात.
पाचवी : उत्तर आले म्हणजे ते मूळ शब्दांत घालून ताळा पाहावा. समीकरणात घालून पाहिलेला ताळा अपुरा होय. कारण समीकरणच चुकीचे मांडिले असेल तर तो ताळा खोट्यासही खरे म्हणेल.

२. पहिले उदाहरण

समजा, एका विधवा बाईपाशी ८०,००० रुपये आहेत. मुलीच्या शिक्षणासाठी तिला दरमहा ५००, म्हणजे वर्षास ६,००० रुपये व्याज हवे. एका ठिकाणी दरसाल दरशेकडा ६ मिळतात आणि पैसा पाहिजे तेव्हा काढिता येतो. दुसऱ्या ठिकाणी दरसाल दरशेकडा ९ मिळतात, पण मुदत पुरी होईपर्यंत पैसा अडकून राहतो. आजारपणात हाताशी काही असावे म्हणून सर्व रक्कम दुसरीकडे घालणे तिला नको आहे. तर ९ च्या दराने कमीत कमी किती रक्कम ठेवावी? (हे दर धड्यापुरते घेतले आहेत.)

९ च्या दराने ठेवावयाची रक्कम क्ष मानू. मग ६ च्या दराने उरले (८०,००० − क्ष). दोन्हींचे वर्षाचे व्याज मिळून ६,००० झाले पाहिजे, म्हणून,

९क्ष/१०० + ६(८०,००० − क्ष)/१०० = ६,०००

दोन्ही बाजूंस १०० ने गुणिले असता,

९क्ष + ४,८०,००० − ६क्ष = ६,००,०००
३क्ष = १,२०,०००
क्ष = ४०,०००

म्हणजे निम्मी रक्कम ९ च्या दराने व निम्मी ६ च्या दराने. ताळा पाहा : ४०,००० चे ९ च्या दराने ३,६०० आणि ४०,००० चे ६ च्या दराने २,४००, मिळून ६,०००.

आता हेच क्षशिवाय बोलून पाहा, म्हणजे समीकरण काय सांगत होते ते समजेल. सर्व पैसा ६ च्या दराने ठेविला असता तर ४,८०० मिळाले असते. कमी पडले १,२००. प्रत्येक शंभर रुपये तेथून उचलून ९ च्या दराने ठेविले की ३ रुपये वाढतात. १,२०० वाढण्यास असे चारशे शेकडे हालविले पाहिजेत, म्हणजे ४०,०००. समीकरणातील '३क्ष' म्हणजे हेच दर शेकड्यामागे वाढणारे तीन रुपये होत. ज्या शिक्षकास मुलांची समीकरणाविषयीची भीती घालवावयाची आहे, त्याने प्रथम ही तोंडी रीत सांगावी व मगच क्ष लिहावा.

३. उत्तर ऋण आले तर

त्याच बाईकडे आता तिचा भाचा येतो आणि म्हणतो, "आत्या, ह्याच दोन ठिकाणी तुमचे ऐंशी हजार मी अशा युक्तीने लावितो की वर्षास ७,८०० पदरात पडतील." बाई म्हणते, "अरे, युक्ती कोणती ती सांग." तो हसून म्हणतो, "ते तुम्हांस कळावयाचे नाही."

बाईस कळावयाचे नसले तरी समीकरणास कळते. मांडणी तीच, फक्त उजवीकडे ७,८०० :

९क्ष + ४,८०,००० − ६क्ष = ७,८०,०००
३क्ष = ३,००,०००
क्ष = १,००,०००

बाईपाशी आहेत ८०,०००, आणि ९ च्या दराने ठेवावयास पाहिजेत १,००,०००. मग ६ च्या दराकडे राहिले ८०,००० − १,००,००० = −२०,०००. हे 'उणे वीस हजार' म्हणजे काय?

ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये आपल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात शून्याहून मोठ्या संख्यांस 'धन' व शून्याहून लहान संख्यांस 'ऋण' म्हटले, आणि त्यांच्या बेरीज-गुणाकाराचे नियम सांगितले. धन म्हणजे मालमत्ता, ऋण म्हणजे कर्ज. आजही आपण शाळेत धनसंख्या व ऋणसंख्या असेच म्हणतो, पण शब्दाचा अर्थ विसरतो. येथे तो अर्थ अक्षरशः लागू पडतो. ६ च्या दराकडे −२०,००० असणे म्हणजे ६ च्या दराने २०,००० कर्ज काढणे. ते कर्ज मिळून १,००,००० रुपये ९ च्या दराने ठेविले तर व्याज ९,००० येईल. त्यातून कर्जाचे १,२०० गेले म्हणजे ७,८०० राहतात. हिशोब चोख जुळतो. भाच्याची युक्ती ती हीच. आत्याच्या नावे वीस हजारांचे कर्ज, एवढी गोष्ट मात्र त्याने सांगितली नाही. आणि ज्या दराने ठेव घेतात त्याच दराने कर्ज कोणी देत नाही, म्हणून ही युक्तीही कागदावरचीच.

ह्यावरून एक नियम ध्यानी ठेवावा. रक्कम दोन दरांत विभागिली तर एकंदर उत्पन्नाचा दर त्या दोन दरांच्या मध्येच कोठेतरी पडतो. वरच्याच्या वर जात नाही आणि खालच्याच्या खाली उतरत नाही. ८०,००० वर ७,८०० म्हणजे दरशेकडा पावणेदहा. ६ व ९ यांच्या मिश्रणातून पावणेदहा निघत नाहीत. जसे कोमट व कढत पाणी एकत्र केल्याने कढताहून अधिक कढत पाणी होत नाही. कोणी तसे सांगितले तर कोठेतरी ऋण लपलेले आहे असे जाणावे, आणि ते कोणाच्या नावावर आहे हे विचारावे.

४. लीलावतीतील एक उदाहरण

व्याजाच्या विभागणीची उदाहरणे आपल्याकडे नवी नाहीत. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ.स. ११५० च्या सुमारास, लीलावती रचिली. खानदेशात चाळीसगावाजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिल्याचे त्यावरून कळते. त्या लीलावतीत ९४ निष्कांचे (निष्क हे त्या काळचे नाणे) एक उदाहरण आहे. त्याचा आशय असा : ९४ निष्कांचे तीन भाग करून ते व्याजाने दिले. पहिला दरमहा शेकडा ५ ने, दुसरा ३ ने, तिसरा ४ ने. पहिल्याचे ७ महिन्यांत, दुसऱ्याचे १० महिन्यांत आणि तिसऱ्याचे ५ महिन्यांत सारखेच व्याज आले. तर ते भाग किती?

येथे तीन भाग अज्ञात आहेत. पहिल्या भागास क्ष मानिले तर मांडणी लांबते. परंतु तिन्ही भागांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे व्याज. तेव्हा त्या व्याजासच क्ष मानावे.

पहिल्या भागावर शंभरास ७ महिन्यांचे व्याज ५ × ७ = ३५. म्हणजे ३५ व्याजास मुद्दल १००, तर क्ष व्याजास मुद्दल १००क्ष/३५. त्याचप्रमाणे दुसऱ्यावर शंभरास ३ × १० = ३०, म्हणून मुद्दल १००क्ष/३०. तिसऱ्यावर शंभरास ४ × ५ = २०, म्हणून मुद्दल १००क्ष/२०. तिन्ही मुद्दले मिळून ९४ :

१००क्ष/३५ + १००क्ष/३० + १००क्ष/२० = ९४

३५, ३० व २० यांचा लघुतम साधारण विभाज्य ४२०. त्याने सर्वांस गुणिले असता,

१,२००क्ष + १,४००क्ष + २,१००क्ष = ३९,४८०
४,७००क्ष = ३९,४८०
क्ष = ८.४

व्याज ८.४ निष्क. म्हणून भाग अनुक्रमे ८४०/३५ = २४, ८४०/३० = २८ आणि ८४०/२० = ४२. बेरीज ९४. ताळा बरोबर.

ह्या उदाहरणातून शिकावयाचे ते असे की, जे विचारिले असेल त्यासच क्ष मानिले पाहिजे असे नाही. ज्याच्या योगे बाकी सर्व सहज लिहिता येते त्यास क्ष मानावे. पहिल्या पायरीचा हा अपवाद सरावाने कळू लागतो.

५. महिन्याचा दर व वर्षाचा दर

लीलावतीतील दर महिन्याचे आहेत. आपल्या खेड्यांतही सावकारी बोली महिन्याचीच असते. "शेकडा तीनने दिले" म्हणजे दरमहा शेकडा ३, वर्षास ३६. पेढीच्या कागदावर मात्र ९ लिहिलेले असेल तर ते वर्षाचे असतात. ज्यास हा भेद ठाऊक नाही तो ३ पेक्षा ९ महाग समजून सावकाराकडे जातो.

उदाहरण : एका शेतकऱ्याने बी-खतासाठी ३०,००० रुपये कर्ज काढिले. काही सोसायटीतून दरसाल दरशेकडा ९ ने व बाकीचे सावकाराकडून शेकडा ३ ने. वर्षाअखेर दोघांचे मिळून ४,०५० रुपये सरळव्याज झाले. तर सावकाराचे किती?

प्रथम चुकीची मांडणी पाहू. सावकाराची रक्कम क्ष मानून ३ हा दर वर्षाचा समजलो तर,

३क्ष + ९(३०,००० − क्ष) = ४,०५,०००
−६क्ष = १,३५,०००
क्ष = −२२,५००

उत्तर ऋण आले. म्हणजे शेतकऱ्याने सावकारास उलट कर्ज दिले असा अर्थ होतो, आणि ते तर घडलेले नाही. ऋण उत्तर हा येथे इशारा होय. प्रश्नातला एखादा शब्द आपण चुकीचा वाचला आहे. आता दर एका मापात आणू. दरमहा ३ म्हणजे दरसाल ३६.

३६क्ष + ९(३०,००० − क्ष) = ४,०५,०००
२७क्ष = १,३५,०००
क्ष = ५,०००

सावकाराचे ५,०००, त्यावर व्याज १,८००. सोसायटीचे २५,०००, त्यावर व्याज २,२५०. पाहा, मुद्दलाचा सहावा हिस्सा सावकाराचा, पण व्याजाचे नऊ हिस्से केले तर त्यांतील चार सावकाराचे. म्हणून थोडे पैसे हाती आले तर प्रथम कोणाचे फेडावे, हे ह्या शेतकऱ्यास सांगावयास दुसऱ्या कोणाची गरज उरत नाही.

हा केवळ पाटीवरचा विषय नव्हे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व रोखे हिसकावून जाळिले, आणि ते लोण आसपासच्या पुष्कळ गावांत पसरले. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने कर्जाचा हिशोब आरंभापासून तपासण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला. ज्या कागदांस त्या शेतकऱ्यांनी आग लाविली त्यांतील पुष्कळ कागद त्यांना स्वतः वाचता येत नव्हते. जाळिलेला कागद पुन्हा लिहिता येतो. समजलेला हिशोब मात्र कोणास हिरावून घेता येत नाही.

६. 'दुप्पट' ह्या शब्दाचा हिशोब

आता शेवटची एक गोष्ट. जाहिरातीत पुष्कळदा दर लिहीत नाहीत, "इतक्या वर्षांत दुप्पट" असे लिहितात. भारत सरकारने १९८८ साली टपाल कचेऱ्यांतून किसान विकास पत्रे विकण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांत घातलेली रक्कम साडेपाच वर्षांत दुप्पट होत असे. शंभरास साडेपाच वर्षांत शंभर व्याज, म्हणून १०० ला साडेपाचने भागून कोणी दर १८ हून अधिक सांगेल. पण हा सरळव्याजाचा दर झाला. व्याजावर व्याज चढत जाते असे धरिले, म्हणजे चक्रवाढीने, तीच दुप्पट सुमारे १३.४ च्या दराने होते. तोंडी अडाखा असा : ७२ ला दराने भागावे, म्हणजे दुप्पट होण्याची वर्षे येतात. ८ चा दर असल्यास ९ वर्षे. उलट, ७२ ला वर्षांनी भागिल्यास दर येतो. दर लहान असता हा अडाखा चांगला उतरतो.

कोणी म्हणाले, "दोन वर्षांत दुप्पट देतो," तर क्ष हा शंभरावरील वर्षाचा दर मानून,

(१ + क्ष/१००)² = २

२ चे वर्गमूळ १.४१४, म्हणून क्ष सुमारे ४१.४. वरच्या उदाहरणातील सावकार ३६ घेत होता. म्हणजे हा गृहस्थ सावकारापेक्षाही जबर दराने आपणास देऊ म्हणतो. तितके देण्यास त्याने धंद्यात त्याहून अधिक मिळविले पाहिजे. समजा, तो खरोखर शेकडा १० मिळवितो. मग पहिल्या वर्षीच दर शंभरामागे ३१.४० रुपयांची तूट आली. ती तो कोठून भरणार? नव्याने पैसे ठेवणाऱ्यांच्या मुद्दलातून. येथेही ऋण लपलेलेच आहे, आणि ते शेवटी आलेल्या माणसाच्या माथी बसते. अशा ठेवींपासून लोकांचे रक्षण व्हावे म्हणून महाराष्ट्रात १९९९ साली ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा झाला, आणि २०१९ साली अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा सर्व देशासाठी झाला. परंतु कायदा बहुधा पैसा गेल्यावर उपयोगी पडतो. समीकरण पैसा देण्यापूर्वी मांडिता येते.

एवढे मात्र ध्यानात असू द्यावे की, समीकरण वचनाचा अर्थ सांगते. वचन देणारा ते पाळील की नाही हे सांगत नाही. ९ चा दर देणारी पेढी बुडाली तर ९ चे गणित बरोबर असूनही पैसा जातो. म्हणून हिशोब जुळल्यावरही माणूस, नोंदणी व कागद ही तिन्ही पाहावी. हिशोब जुळतच नसेल तर मात्र पुढचे काही पाहावयाचे कारण नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

(१) ५०,००० रुपयांपैकी काही दरसाल दरशेकडा १० ने व बाकीचे ७ ने ठेविले. वर्षाचे व्याज ४,१०० आले. तर प्रत्येक ठिकाणी किती ठेविले?

(२) एक रक्कम ८ च्या दराने ठेविली, आणि तिच्याहून ५,००० अधिक अशी दुसरी रक्कम ६ च्या दराने ठेविली. दोहोंचे वर्षाचे व्याज सारखे आले. तर त्या रकमा कोणत्या?

(३) ६०,००० रुपये ७ व १० च्या दरांत विभागून वर्षास ६,६०० मिळवून देतो असे एकाने सांगितले. समीकरण मांडून त्याचे म्हणणे तपासा, आणि उत्तराचा अर्थ शब्दांत लिहा.

उत्तरे : (१) १० ने २०,००० व ७ ने ३०,०००. (२) १५,००० व २०,०००. प्रत्येकी व्याज १,२००. (३) १० ने ८०,००० व ७ ने −२०,०००. अर्थात ७ च्या दराने वीस हजार कर्ज काढिल्याशिवाय हे होणे नाही.

पहिली दोन उदाहरणे मुलांकडून पाटीवर करवून घ्यावी. तिसरे मात्र सायंकाळी ओसरीवर, मोठी माणसे बसली असता, मोठ्याने वाचून सोडवावे.